अर्जात नसलेला रकाना
अमेरिकेतील लहान उद्योगांची जैववैद्यकीय अनुदाने : एक चिकित्सा

सरकारने धंद्यात पडू नये, हे तत्त्व जगाला हिरिरीने सांगणाऱ्या देशाचे सरकार गेली चार दशके हजारो लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देत आले आहे. हे पैसे कर्ज म्हणून दिलेले नसतात. त्यांवर व्याज नाही, ते फेडायचे नाहीत आणि त्यांच्या बदल्यात कंपनीत सरकारचा हिस्साही राहत नाही. शोध लागला तर पेटंट कंपनीचे, आणि पुढे कंपनी विकली गेली तर त्याचे पैसेही मालकांचे. या कार्यक्रमाचे नाव ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’, संक्षेपाने एसबीआयआर. अमेरिकेची अकरा सरकारी खाती तो राबवतात. संरक्षण खाते त्यांत सर्वांत मोठे आणि त्याखालोखाल आरोग्य खात्यातली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’, म्हणजे एनआयएच. औषधे, लसी, रोगनिदानाच्या चाचण्या आणि वैद्यकीय उपकरणे यांवर काम करणाऱ्या लहान कंपन्यांना एनआयएच दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देते.

मी वैद्यक शिकलेलो नाही आणि अर्थशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. कायदे, सूचनापत्रे, अहवाल आणि अर्जांचे नमुने हे वाङ्मयासारखे वाचायची सवय मात्र बरीच वर्षे आहे. सरकारी कागद काय सांगतो याइतकेच तो काय विचारत नाही हेही वाचता येते, असा माझा अनुभव आहे. या लेखात मी तेच करणार आहे. एसबीआयआरचे समर्थक आणि टीकाकार यांचा वाद जुना आहे; पण दोन्ही पक्षांनी एक रकाना कोराच सोडला आहे, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याचा जन्म

या योजनेचे मूळ १९७७ सालात आहे. ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ या सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स नावाचे अधिकारी होते. सरकारी संशोधनाचा पैसा विद्यापीठे आणि बड्या कंपन्या यांच्यातच फिरतो, लहान कंपन्यांच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही, अशी तक्रार तेव्हा होतीच. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी ती लावून धरली होती. टिबेट्स यांनी छोट्या प्रमाणावर एक प्रयोग आखला. आधी थोडे पैसे द्यायचे, कल्पना चालते का ते पाहायचे, चालली तर जास्त पैसे द्यायचे आणि त्यानंतर कंपनीने बाजारातून स्वतःची सोय करायची. आजही योजनेचे हेच तीन टप्पे आहेत.

पाच वर्षांनी या प्रयोगाचा कायदा झाला. २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. डेमोक्रॅट केनेडी यांनी ज्याचा आग्रह धरला, त्यावर सरकार लहान असावे म्हणणाऱ्या रेगन यांची सही झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘लहान उद्योजक’ ही प्रतिमा दोन्ही पक्षांना प्रिय होती. विरोध केला तो विद्यापीठांनी. कारण नवे पैसे येणार नव्हते. ज्या खात्याचे बाहेर देण्याच्या संशोधनाचे अंदाजपत्रक दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त आहे, त्याने त्यातलाच ठरावीक हिस्सा बाजूला काढायचा होता. हा हिस्सा ०.२ टक्क्यापासून सुरू होऊन पुढे १.२५ टक्के झाला, १९९२ च्या कायद्याने २.५ टक्क्यांकडे गेला आणि २०११ च्या कायद्यानुसार २०१७ पर्यंत ३.२ टक्के झाला. विद्यापीठाला जोडीला घेऊन काम करणाऱ्या कंपन्यांसाठी ‘एसटीटीआर’ ही भावंड-योजना १९९२ मध्ये आली.

जोखीम कोणाची

आधी या योजनेची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. नव्या औषधाची कल्पना सुचल्यापासून ते रुग्णापर्यंत पोचायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या औषधांपैकीही दहातली साधारण नऊ पुढे गळतात. त्याआधीच्या अवस्थेत, म्हणजे प्रयोगशाळेत एक आशादायक निष्कर्ष हाती आहे आणि बाकी सगळे अंधारात आहे अशा वेळी, पैसे कोण घालणार? बँक तारण मागते. गुंतवणूकदार पाच-सात वर्षांत परतावा मागतो. मोठी औषध कंपनी म्हणते, आधी सिद्ध करून आणा. नेमक्या या जागी सरकारी अनुदान येते. एनआयएचच्या पहिल्या टप्प्यात साधारण तीन लाख डॉलर आणि दुसऱ्या टप्प्यात साधारण वीस लाख डॉलर मिळू शकतात. औषधनिर्मितीच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण ती येते तेव्हा दुसरे कोणीच आलेले नसते.

फळे दिसतातही. सोनिकेअर हा विजेवर चालणारा टूथब्रश भारतातही मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले दोन प्राध्यापक आणि एक अभियंता यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिअ‍ॅटल परिसरात लहान कंपनी काढली, एनआयएचच्या याच योजनेतून त्यांना मदत मिळाली आणि पुढे २००० साली फिलिप्सने ती कंपनी विकत घेतली. आज खोक्यावर फिलिप्सचे नाव असते. समर्थकांचे उत्तर असे, की त्यात बिघडले काय? नोकऱ्या निर्माण झाल्या, कर भरला गेला, दात स्वच्छ झाले. करदात्याला परतावा मिळाला.

टूथब्रशच्या बाबतीत मला हे उत्तर मान्य आहे. विजेचा ब्रश महाग वाटला तर माणूस साधा ब्रश घेतो. औषधाचे तसे नाही. कर्करोगाच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाला ‘परवडत नसेल तर साधे घ्या’ असे सांगता येत नाही. योजना मात्र दोन्हींसाठी एकच आहे, आणि अर्जाचे साचेही एकच.

संशोधकांनी या योजनेचे मोजमाप केले आहे. जॉश लर्नर यांचा १९९९ चा अभ्यास त्यांत सर्वांत जास्त उद्धृत होतो. अनुदान मिळालेल्या कंपन्या तशाच इतर कंपन्यांपेक्षा दशकभरात जास्त वाढल्या, असे त्यांना आढळले. पण ही वाढ जिथे खासगी जोखमीचे भांडवल आधीच भरपूर होते अशा भागांतल्या कंपन्यांपुरतीच होती. आणि एकाच कंपनीला पुन्हापुन्हा अनुदान दिल्याने वाढ अधिक झाली नाही. पुढच्याच वर्षी स्कॉट वॉलस्टेन यांनी दाखवले, की त्यांनी तपासलेल्या कंपन्यांत सरकारचा डॉलर आला तेवढा कंपनीचा स्वतःचा संशोधनावरचा डॉलर कमी झाला. ऊर्जा खात्याच्या अनुदानांवरचा सॅब्रिना हॉवेल यांचा २०१७ चा अभ्यास पहिल्या टप्प्याच्या बाजूने कौल देतो. तो टप्पा मिळालेल्या कंपनीला पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. दुसऱ्या टप्प्याचा मात्र तसा परिणाम दिसत नाही.

हे सगळे अभ्यास कसोशीने केलेले आहेत. पण त्यांतले मोजमाप पाहा. कंपनी वाढली का, भांडवल आले का, पेटंटे किती मिळाली. या फुटपट्ट्या कंपनीच्या आहेत. औषध कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हे या अभ्यासांत मोजलेलेच नाही. मोजायचे तर ती माहिती आधी कोणीतरी विचारलेली असावी लागते. म्हणून आता अर्जाकडे वळू.

अर्ज वाचताना

एनआयएचच्या अर्जात संशोधनाची मांडणी पहिल्या टप्प्यासाठी सहा पानांत आणि दुसऱ्यासाठी बारा पानांत करायची असते. त्याआधी एका पानात उद्दिष्टे. दुसऱ्या टप्प्याला याशिवाय आणखी बारा पानांपर्यंत एक ‘व्यापारीकरणाचा आराखडा’ जोडावा लागतो. मंजूर झालेल्या प्रकल्पांचा गोषवारा एनआयएचच्या सार्वजनिक नोंदीत कोणालाही वाचता येतो, आणि त्याखाली दोन-तीन वाक्यांत या कामाचा सार्वजनिक आरोग्याशी काय संबंध, हेही लिहिलेले असते.

हा एक वाङ्मयप्रकार आहे असे मी गंभीरपणे म्हणतो. त्याचा निवेदक ‘आम्ही’ आहे आणि काळ भविष्यकाळ. सुरुवात बहुधा दुःखाने होते: अमुक आजाराचे इतके रुग्ण, उपलब्ध उपचार अपुरे. मग उपाय येतो. शेवटी खात्री. गोषवारे सलग वाचत गेले की हा घाट पाठ होतो.

व्यापारीकरणाच्या आराखड्याचे सात भाग असतात: प्रकल्पाचे मूल्य व अपेक्षित परिणाम, कंपनीची ओळख, बाजारपेठ, ग्राहक व स्पर्धा, बौद्धिक संपदेचे संरक्षण, भांडवल कुठून आणणार, उत्पादन व विक्रीची योजना, आणि उत्पन्नाचा ओघ. सातही भाग रास्त आहेत. सार्वजनिक पैसा देताना कंपनीला हे सगळे विचारायलाच हवे. पण दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले की एक बदल लक्षात येतो. उद्दिष्टांच्या पानावर जे ‘रुग्ण’ असतात, तेच व्यापारी आराखड्यात ‘बाजारपेठ’ होतात. संख्या तीच, माणसे तीच; पहिल्या ठिकाणी संख्या मोठी असणे ही शोकाची गोष्ट असते आणि दुसऱ्या ठिकाणी आशेची.

यात अर्जदाराचा लबाडपणा नाही. फॉर्मने जे विचारले त्याचे तो उत्तर देतो. किमतीचा उल्लेख आराखड्यात येऊच शकत नाही असेही नाही. उत्पन्नाचा ओघ दाखवायचा तर विक्रीचा दर गृहीत धरावाच लागतो. पण तो दर तिथे येतो कंपनीच्या उत्पन्नाचा आकडा म्हणून. ‘ज्या रुग्णांच्या नावाने तुम्ही हे पैसे मागत आहात त्यांना तुमचे उत्पादन कोणत्या किमतीला मिळेल आणि त्यांतल्या किती जणांना ते परवडेल?’ असा स्वतंत्र रकाना त्या सात भागांत नाही. तज्ज्ञांच्या समितीने गुण देण्याचे निकष पाहिले तर तिथेही महत्त्व, नावीन्य, पद्धत, संशोधकाची क्षमता, कामाची जागा यांचा विचार होतो. परवडण्याजोगेपणाला गुण नाहीत. ज्याला गुण नाहीत त्याबद्दल बारा पानांच्या मर्यादेत कोण लिहिणार?

यात भर म्हणजे गुप्ततेची तरतूद. योजनेतून निर्माण झालेली तांत्रिक माहिती सरकारने उघड करायची नाही, अशी हमी कंपनीला असते. २०१९ च्या धोरणपत्रानुसार ही मुदत वीस वर्षांची आहे. लहान कंपनीचे गुपित मोठ्या कंपनीने पळवू नये, हे कारण पटण्यासारखे आहे. पण परिणाम असा, की करदात्याला गोषवारा वाचता येतो, पुढे काय घडले ते मात्र कंपनी सांगेल तेवढेच कळते.

‘लहान’ म्हणजे कोण

योजनेचे सगळे नैतिक बळ ‘लहान’ या एका शब्दावर उभे आहे. कायद्याच्या दृष्टीने पाचशेपर्यंत कर्मचारी असलेली कंपनी लहान. आपल्याकडे पाचशे माणसांच्या कारखान्याला कोणी लहान म्हणणार नाही, पण तो मुद्दा सोडून देऊ. खरा वाद मालकीवरून झाला. कंपनीची बहुसंख्य मालकी अमेरिकी ‘व्यक्तीं’कडे असली पाहिजे, असा नियम होता. जैवतंत्रज्ञानातल्या कंपन्यांत तर गुंतवणूक-निधींचे वर्चस्व असते. निधी ही ‘व्यक्ती’ आहे का? २००३ च्या सुमारास कॉग्नेटिक्स या कंपनीच्या प्रकरणात निर्णय आला, की नाही. त्यामुळे गुंतवणूक-निधींच्या ताब्यातल्या अनेक जैवतंत्रज्ञान कंपन्या एका फटक्यात अपात्र ठरल्या.

पुढची आठ वर्षे या एका शब्दावर वाद चालला. उद्योगसंघटनेचे म्हणणे होते, की ज्यांच्या कल्पनेवर बाहेरच्या भांडवलाने विश्वास दाखवला त्यांनाच तुम्ही बाहेर काढत आहात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ज्यांच्यामागे मोठा निधी उभा आहे त्यांना करदात्याचा पैसा कशाला? २०११ च्या कायद्यात तडजोड झाली. एनआयएचला या पैशातला २५ टक्क्यांपर्यंतचा भाग अशा कंपन्यांना देण्याची मुभा मिळाली.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद खरे होते असे मला वाटते. लर्नर यांच्या निष्कर्षाशी ते ताडून पाहा. भांडवल जिथे आधीच आहे तिथेच अनुदान फळते. म्हणजे अनुदानाची उपयुक्तता वाढवायची तर ते भांडवलाच्या शेजारी द्यावे लागते आणि तिथे दिले की ‘लहान’ या शब्दाचा अर्थ पातळ होतो. आठ वर्षे या वादात गेली. पैसे कोणी घ्यावेत यावर एवढी चर्चा झाली. घेणाऱ्याने काय द्यावे हा प्रश्न त्या भांडणात मागेच राहिला.

एकदा विचारलेला प्रश्न

अमेरिकेत हा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही असे नाही. १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना आणि लहान कंपन्यांना घेऊ दिली. पण त्याबरोबर सरकारने एक अधिकार राखून ठेवला: शोध लोकांपर्यंत वाजवी अटींवर पोचत नसेल, तर सरकार मध्ये पडून दुसऱ्याला परवाना देऊ शकते. याला ‘मार्च-इन’ अधिकार म्हणतात. औषधाची किंमत कमी करण्यासाठी तो एकदाही वापरला गेलेला नाही.

तशी मागणी मात्र वारंवार झाली. २००३ च्या डिसेंबरात अ‍ॅबट कंपनीने नॉर्व्हिर या एचआयव्हीवरील औषधाची किंमत पाचपट केली. त्या औषधाच्या संशोधनाला सुरुवातीला एनआयएचचे अनुदान मिळाले होते. २००४ मध्ये अर्ज झाला आणि एनआयएचने तो फेटाळला. किमतीचा प्रश्न संसदेने सोडवावा, हा अधिकार त्यासाठी नाही, असे तिचे म्हणणे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एक्स्टांडी या औषधाचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठात सार्वजनिक पैशावर लागला. अमेरिकेतली त्याची किंमत इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हा त्याबाबतच्या अर्जाचा आधार होता. मार्च २०२३ मध्ये तोही फेटाळला गेला. कायद्याचे जनक बर्च बे आणि बॉब डोल या दोघांनी २००२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते, की किमती ठरवणे हा आमचा हेतू नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये बायडन प्रशासनाने किमतीचाही विचार करता येईल असा मसुदा काढला, पण ते प्रशासन जाईपर्यंत तो अंतिम झाला नव्हता.

दुसरा प्रयत्न अधिक थेट होता. एझेडटी या एड्सवरील पहिल्या औषधाच्या किमतीवरून संताप उसळल्यानंतर १९८९ मध्ये एनआयएचने खासगी कंपन्यांबरोबरच्या आपल्या सहकार्य करारांत ‘वाजवी किमती’चे कलम घातले. उद्योगांनी नापसंती दाखवली. १९९५ मध्ये तत्कालीन संचालक हॅरोल्ड व्हार्मस यांनी ते काढून टाकले. त्यांचे कारण असे, की या कलमामुळे कंपन्या सहकार्यालाच येत नाहीत. औषधच तयार झाले नाही तर त्याची वाजवी किंमत काय चाटायची?

हा आक्षेप गंभीर आहे आणि लहान कंपनीच्या बाबतीत तर अधिकच. कलम काढल्यावर करारांची संख्या वाढली हेही खरे. मात्र त्याच सुमारास केवळ संशोधन-साहित्य देण्याघेण्याचे छोटे करारही त्या मोजणीत येऊ लागले, त्यामुळे वाढीचे सगळे श्रेय कलम काढण्याला देता येत नाही. तरीही प्रश्न उरतो. किमतीची अट घातली तर लहान कंपनीकडे पुढचा गुंतवणूकदार फिरकेल का?

दोन उलट उदाहरणे

या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा घडलेल्या गोष्टींत शोधावे. पहिले उदाहरण इस्रायलचे. तिथे १९८४ च्या कायद्यापासून औद्योगिक संशोधनाला सरकार अनुदान देते, पण ते सशर्त असते. उत्पादन बाजारात गेले तर कंपनीने विक्रीतला काही टक्के भाग अनुदान फिटेपर्यंत सरकारला द्यायचा. फसले तर काही द्यायचे नाही. जोखीम सरकारने घेतली आणि यशातला वाटाही मागितला. त्यामुळे इस्रायलमधले लहान तंत्रउद्योग संपले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरे उदाहरण थेट किमतीचे, आणि ते पुण्यातून जाते. सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात मेनिन्जायटिसच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मेले. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या निधीतून जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच सांगितले होते, की एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त असेल तर लस आमच्या कामाची नाही. बड्या कंपन्यांबरोबर जमले नाही. लस बनवण्याचे महत्त्वाचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतले होते. एनआयएचच्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयामार्फत त्याचा परवाना दिला गेला आणि हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या किमतीत लस बनवायचे मान्य केले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती द्यायला सुरुवात झाली. मेनिन्जायटिसच्या ‘अ’ प्रकाराच्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या.

ही तुलना पूर्ण जुळणारी नाही. सीरम लहान कंपनी नव्हती, पैसा प्रामुख्याने देणगीचा होता आणि विक्रीची हमी दिसत होती. नव्या औषधाच्या शोधात यांतले काहीच हाताशी नसते. पण या प्रकरणातून एक गोष्ट सिद्ध होते. अमेरिकी सार्वजनिक प्रयोगशाळेतले तंत्र, एनआयएचचेच कार्यालय आणि खासगी उत्पादक हे तिन्ही असताना किंमत सुरुवातीला ठरवता आली. ती ठरवता आली कारण टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणीतरी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

आपल्या अर्जांत

हा सगळा विषय दूरचा नाही. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह’ सुरू केली; नावातच अमेरिकी योजनेची ओळख आहे. २०१२ मध्ये अशा कामासाठी ‘बायरॅक’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या ‘बिग’ योजनेतून एखाद्या कल्पनेला अठरा महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले ‘व्हेंचर सेंटर’ या योजनेच्या भागीदारांपैकी एक आहे. मराठी मुले-मुली आज हे अर्ज लिहीत आहेत.

आपण नाव घेतले तरी हिशेब तंतोतंत घेतला नाही, हे नोंदवले पाहिजे. २००५ च्या योजनेत पुढच्या टप्प्यासाठी सवलतीच्या व्याजाचे कर्ज होते. बायरॅकच्या ‘सीड फंडा’तून उबवणी केंद्रांमार्फत कंपनीत हिस्साही घेतला जातो. म्हणजे पैशाच्या परतफेडीचा विचार आपल्याकडे झाला. रोटाव्हॅक या लसीच्या बाबतीत, जिच्या मागे जैवतंत्रज्ञान विभागाचा सहभाग होता, उत्पादकाने एका डॉलरच्या आसपासच्या किमतीची हमी दिली आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली. पण ही हमी त्या एका प्रकल्पाची होती. सर्वसाधारण नियम उलट दिशेने जातो: २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात पेटंट असलेल्या नव्या औषधाला पाच वर्षे नियंत्रणातून सूट देण्याची तरतूद आहे. हेतू संशोधनाला उत्तेजन हाच. तरीही सरकारी अनुदानावर वाढलेले औषध त्या सुटीत बसले, तर करदात्याने एकदा अनुदान द्यायचे, मग सूट द्यायची आणि शेवटी दुकानात कंपनी म्हणेल ती किंमत मोजायची, असे होऊ शकते.

काय मागावे

सरकारने प्रत्येक लहान कंपनीच्या औषधाचा दर पहिल्याच दिवशी ठरवावा, असे मी म्हणत नाही. त्या दिवशी औषधच नसते. व्हार्मस यांचा आक्षेप याच ठिकाणी लागू पडतो. पण प्रश्न विचारणे आणि दर ठरवणे यांत अंतर आहे. व्यापारीकरणाच्या आराखड्यात आठवा भाग असू शकतो: हे उत्पादन कोणत्या रुग्णांसाठी आहे, त्यांची ऐपत काय, कमी उत्पन्नाच्या रुग्णांपर्यंत व देशांपर्यंत ते कसे पोचवाल. त्याला गुण असू शकतात. कंपनी विकली गेली तर हे वचन विकत घेणाऱ्यावरही बंधनकारक राहील, अशी अट असू शकते; कारण लहान कंपनीच्या गोष्टीचा शेवट बहुधा मोठ्या कंपनीच्या खरेदीत होतो आणि किंमत तिथेच ठरते. विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर इस्रायलप्रमाणे अनुदान परत घेता येईल. आणि किमान एवढे तरी, की औषधाच्या माहितीपत्रकात त्याच्या संशोधनाला कोणत्या सार्वजनिक पैशाची मदत झाली ते छापले जावे.

२०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येक औषधाशी संबंधित मूलभूत संशोधनात एनआयएचचा पैसा आढळला. मारियाना माझुकाटो यांनी ‘द आंत्रप्रनरल स्टेट’ या २०१३ च्या पुस्तकात एसबीआयआरची दखल घेतली, ती जोखीम सार्वजनिक आणि नफा खासगी या त्यांच्या व्यापक मुद्द्यासाठी. त्यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यांचा भर सरकारला नफ्यातला वाटा मिळण्यावर अधिक आहे. तिजोरीत पैसा आला म्हणजे तो औषधाअभावी घरी बसलेल्या रुग्णापर्यंत गेला, असे होत नाही. म्हणून पैशाच्या परताव्यापेक्षा उपलब्धतेची अट मला अधिक महत्त्वाची वाटते.

एसबीआयआरचा कायदा कायमचा नाही. संसदेला त्याची मुदत वारंवार वाढवावी लागते. २०२२ मध्ये मुदत संपण्याच्या दिवशीच वाढीवर सही झाली. ती वाढीव मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा दोन्ही बाजूंचे एकमत झालेले नव्हते. वाद प्रामुख्याने दोन गोष्टींवर होता: वर्षानुवर्षे अनुदानांवरच जगणाऱ्या कंपन्यांना मर्यादा घालावी का, आणि चीनसारख्या देशांशी संबंध असलेल्या कंपन्यांची छाननी कशी करावी. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. औषधाच्या किमतीचा विषय त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हता.

आपल्याकडे बायरॅकचे अर्जाचे नमुने वेळोवेळी नव्याने तयार होतात. अमेरिकेला चार दशकांच्या कायद्यात एक रकाना वाढवायचा आहे. आपल्याला एका फॉर्ममध्ये. तो फॉर्म तयार करणाऱ्या समितीत आणि तो भरणाऱ्या प्रयोगशाळेत मराठी वाचणारी माणसे आहेत. उद्दिष्टांच्या पानावर ज्यांना रुग्ण म्हटले, त्यांना शेवटच्या पानापर्यंत रुग्णच म्हणायचे ठरवले, तर त्या रकान्यात काय लिहायचे ते त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.